परहातीचं टाकं

खैरमाळच्या भैरोबाचा डोंगर चढून गेलं की देवळाच्या अलीकडे, उजव्या हाताला, कातळात खोदलेलं एक टाकं लागतं. आत उतरायला अकरा पायऱ्या आहेत. पाणी नितळ, गार आणि बारमाही. भर उन्हात डोंगर चढून आलेला माणूस ते पाणी बघतो आणि चपला काढून खाली धावतो. नेमका तेव्हाच वरून आवाज येतो, "ओ पाव्हणं! थांबा. आपली बाटली आपुन भरायची न्हाई हितं."

हा आवाज बाळकूआजा राखणे याचा. वय ऐंशीच्या पुढे, नजर मात्र घारीची. काठावरच्या उंबराखाली घोंगडी टाकून तो दिवसभर बसलेला असतो. पाहुण्याला वर बोलावून तो आधी पायांपासून डोक्यापर्यंत न्याहाळतो आणि मग चौकशी सुरू करतो. कुठनं आलासा? मूळ गाव कोणतं? आजा कुठला? आज्याचा बाप कुठनं आला व्हता? शहरातली माणसं वैतागतात. घोटभर पाण्यासाठी हा म्हातारा आधारकार्डही मागेल, असं एकमेकांना म्हणतात. पण आजा हलत नाही आणि उत्तर मिळाल्याशिवाय पाहुण्यालाही हलू देत नाही.

नियम सगळ्यांना सारखा आहे. या टाक्यावर आपलं भांडं आपण भरायचं नाही. तुमचं दुसऱ्याने भरायचं, दुसऱ्याचं तुम्ही. एकटेच आला असाल तर दुसरं कुणी भांडं घेऊन येईपर्यंत काठावर बसून राहायचं. नवी नवरी असो की गावचा सरपंच, इथे कुणाची सुटका नाही. वरच्या पायरीवर मातीची एक घागर भरून ठेवलेली असते. तिच्या पोटावर, अगदी मधोमध, गेरूची एक तांबडी रेघ असते. त्या घागरीतलं पाणी गावातलं कुणी पीत नाही. कुणाची म्हणून विचारलं तर आजा एवढंच म्हणतो, "ज्याची हाय, तो आला की पील."

ही रीत कशी पडली, ते असं सांगतात.

गोष्ट किती जुनी आहे ते ठाऊक नाही. कुणी दोनशे वर्षं म्हणतं, कुणी तीनशे. बघायला कोण गेलंय? पण त्या काळी खैरमाळइतकं संशयी गाव पंचक्रोशीत नव्हतं, यावर सगळ्यांचं एकमत आहे. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताक फुंकून पितो. खैरमाळचे लोक तोंड न पोळताच फुंकत. शेजारणीने ताक दिलं तर ते आधी मांजरापुढे ठेवायचं. मांजर घटकाभर जगलं की मग त्यात भाकरी कुस्करायची. जावई जरा जास्त वाकून पाया पडला, तर सासरा रात्रभर तळमळत बायकोला विचारायचा, "ह्येला आता काय पायजे असंल?" दुसऱ्यासाठी कुणी उगाच काही करतं, ही गोष्ट त्या गावाच्या डोक्यात शिरतच नसे.

आणि अशा गावातही संशयात हैबतीचा हात कुणी धरू शकत नव्हतं. हैबती म्हणजे गावाचा राखणदार. देऊळ, टाकं आणि शिवार यांवर नजर ठेवायचं काम पाटलाने त्याला दिलेलं होतं, आणि असं काम त्याच्याइतकं दुसऱ्या कुणाला शोभलं नसतं. बायको लवकर गेली होती. घरात एकुलती एक लेक, तानी. जगात हैबती एकाच माणसावर विश्वास ठेवायचा, ती तानी. तिच्यासाठी तो जीवही देईल, असं गाव म्हणे. आणि तेवढं मात्र गाव खरं म्हणे.

आता आधीची एक हकिकत सांगायला हवी, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही.

भैरोबाच्या पाषाणाला तेव्हा चांदीचे डोळे होते. एका सकाळी गुरवाने बघितलं तर डोळे नाहीत. गाव गोळा झालं. जो तो शेजाऱ्याकडे बघू लागला. हैबतीने आदल्या संध्याकाळी कुणीतरी घोंगडी पांघरलेला माणूस देवळाकडून उतरताना पाहिला होता, पाठमोरा. घोंगडी भिवाच्या घोंगडीसारखी वाटली. भिवा हा गावचा गुराखी. गरीब, कमी बोलणारा. आणि कमी बोलणाऱ्या माणसाच्या पोटात काहीतरी असतंच, असा हैबतीचा ठाम समज होता. पंचांपुढे त्याने बेल-भंडार उचलून शपथ घेतली की आपण पाहिला तो भिवाच. पंचांनी भिवाला शिवेबाहेर काढलं. जाताना तो बायकोला, साळूला, एवढंच म्हणाला म्हणे, "कुठं बूड टेकलं की तुला न्यायला येतो." त्यानंतर त्याचं तोंड कुणी पाहिलं नाही.

वर्षभराने पावसाळ्यात देऊळ गळायला लागलं. हैबती एकटा गाभाऱ्यात भांडं लावायला गेला होता. त्याच्या डोळ्यांदेखत भैरोबाच्या तोंडावरचा शेंदराचा थर ढिला झाला आणि पोपडा होऊन खाली पडला. पिढ्यान् पिढ्या लिंपलेला बोटभर जाड थर. हैबतीने तो उलटा करून बघितला. आतल्या बाजूला दोन्ही डोळे चिकटलेले होते. कुणी चोरलेच नव्हते. नवस फेडणाऱ्यांनी शेंदरावर शेंदूर चढवत देवाचे डोळेच बुजवून टाकले होते.

आता गावाला सांगावं, तर बेल-भंडाराची शपथ खोटी ठरते. राखण जाते, तोंड काळं होतं. आणि त्याच महिन्यात तानीचं लग्न जमत आलं होतं. खोटी शपथ घेणाऱ्याची लेक कोण करून घेणार? हैबतीने डोळे फडक्यात बांधून घरी आणले आणि वळचणीला खोचून ठेवले. देवाला नवा शेंदूर चढला, तानीचं लग्न झालं. ही गोष्ट फक्त हैबतीला ठाऊक होती. भैरोबालाही ठाऊक असेल, पण त्याचे डोळे तर हैबतीच्या छपरात होते.

त्यानंतर दोन वर्षं पाऊस रुसला. ओढा आटला, विहिरी आटल्या. हे टाकंही आटत आटत तळाला गेलं. शेवटी अकराव्या पायरीपाशी कातळाच्या फटीतून एक झिरा तेवढा उरला. खालच्या खळग्यात पाणी साठायचं, ते करवंटीने घागरीत भरायचं. एवढ्यावर सगळं गाव जगत होतं, आणि हाणामारी तर रोजची. अमक्याने दोन करवंट्या जास्त घेतल्या, तमकीने पोराला पाठवून दुसरी घागर भरून नेली. एक दिवस एकाचं डोकं फुटलं, पाच-सहा घागरीही फुटल्या. घागरी फुटल्याचं दुःख लोकांना जास्त झालं.

तेव्हा पाटलाने हैबतीला उपाय विचारला. संशयी माणसाची अक्कल अशा वेळी चांगली चालते. हैबती म्हणाला, "आपली घागर आपुन भरायची, हितंच समदं बिघडतंय. मागच्यानं पुढच्याची भरायची. दुसऱ्याच्या घागरीत जास्तीचा थेंब कुणी टाकील व्हय? पानी आपसूक उरंल."

आणि तसंच झालं. माणसं एकमेकांच्या घागरी हातचं राखून भरू लागली. कुणी दोन बोटं कमी भरे, कुणी चार. ज्याची कमी भरली तो दुसऱ्या दिवशी त्याचं उट्टं काढी. गाव कुरकुरलं, पण पाणी पुरलं. हैबती काठावर बसून सगळ्यांचे हात बघायचा आणि आपण माणूस किती नेमका ओळखला, म्हणून मनात खूश व्हायचा.

ओळीत सगळ्यांच्या शेवटी साळू. चोराची बायको म्हणून बाया तिला मागे ढकलत. हैबती राखणदार, त्यामुळे सगळ्यांचं झाल्याशिवाय त्याची घागर लागत नसे. म्हणजे शेवटी दोघंच उरायची. साळू हैबतीची घागर भरायची आणि हैबती साळूची.

पहिल्याच दिवशी हैबतीच्या मनात पाल चुकचुकली. साळूने त्याची घागर काठोकाठ भरली होती. वरून करवंटीतलं उरलेलं निथळवून त्यातच सोडलं होतं. त्याने तिच्याकडे बघितलं. ती खाली मान घालून स्वतःच्या घागरीची वाट बघत होती. हैबतीने तिची निम्मीच भरली. ती तेवढीच घेऊन गेली.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही तेच. चौथ्या दिवशी त्याच्याने राहवेना.

"साळे, माझी घागर एवढी गच्च का भरतीस?"

"अर्धी घागर डोईवर लई हिंदकळती, मामा," ती म्हणाली. "मान अवघडती. भरल्याली बरी बसती."

यावर एखाद्याने मान डोलावली असती आणि घरी गेला असता. हैबतीचं डोकं मात्र भणभणायला लागलं. जिच्या नवऱ्याला आपण देशोधडीला लावलं, तिला आपल्या मानेची काळजी? पाणी कुठेतरी मुरत होतं. हिला डोळ्यांचा पत्ता लागला असेल का? भिवा गुपचूप येऊन भेटत असेल का? करवंटी खाली धरताना ती काहीतरी पुटपुटत होती की काय? चोराच्या मनात चांदणं म्हणतात, ते असं. दुसऱ्या कुणी घागर भरून दिली असती तर हैबती फार तर चक्रावला असता. साळूने दिली म्हणून तो घाबरला.

त्यात तानी घरी आली. पहिलटकरीण, नववा महिना लागलेला. सासरी तर पाण्याचा याहून दुष्काळ, म्हणून हैबतीच तिला बैलगाडीतून घेऊन आला होता. आता घरातलं पाणी तानी पिणार होती. त्याच रात्री हैबतीने मांजरापुढे पाणी ठेवलं. मांजर प्यायलं, जगलं आणि आणखी मागायला लागलं. पण हैबतीला मांजराचाही भरवसा वाटेना. काही विषं सावकाश चढतात, असं त्याने ऐकलं होतं.

मग त्याने एक काम धरलं, आणि ते सांगताना बाळकूआजासुद्धा मान खाली घालतो. साळूने भरलेली घागर तो घरी न्यायचा आणि मागच्या दारी, बाभळीच्या बुडात, ओतून द्यायचा. सगळं गाव थेंबाथेंबाला महाग असताना भरलेली घागर मातीत जायची. आणि मग तीन कोसांवरच्या नदीच्या डोहातून तानीसाठी पाणी आणायला तो उन्हातान्हात निघायचा. त्या बाभळीला म्हणे त्या वर्षी भर उन्हाळ्यात पालवी फुटली होती. गावाने तेही पाहिलं, आणि त्याचाही संशयच घेतला.

शिवाय साळूवर पाळत ठेवायला त्याने एक युक्ती काढली. तिची घागर निम्मी भरून झाली की तो आत काडी बुडवून पाण्याची उंची घ्यायचा आणि तेवढ्याच उंचीवर बाहेरून गेरूचं बोट ओढायचा. दिवसा ही चोरून टाक्यावर आली आणि पाणी वाढलं, तर रेघेवरून लगेच कळलं असतं. साळूने विचारलं, "ही रेघ कशापायी, मामा?" तो म्हणाला, "राखणीची रीत हाय." तिने ते खरं मानलं आणि दुसऱ्या दिवसापासून घागर उचलताना रेघ पुसली जाऊ नये म्हणून जपू लागली.

असे काही दिवस गेले. एका सकाळी नेहमीसारखं पाणी वाटून झालं, हैबतीने साळूच्या निम्म्या घागरीवर रेघ ओढली, स्वतःची भरलेली घागर घरी आणून बाभळीत रिकामी केली आणि तो नदीला गेला. परतायला दुपार टळली. गावाच्या शेवटच्या चढणीला त्याचा पाय मुरमावरून घसरला. घागर दगडावर आपटली. तीन कोस आणलेलं पाणी पायवाटेवरून पळालं आणि बघता बघता मुरलं. हैबती तसाच घागरीचा गळा हातात घेऊन घरी आला, तर दारातूनच तानीचं कण्हणं ऐकू आलं. तो नदीला निघाल्यापासून ती अडली होती.

आतून राही सुईण ओरडली, "हैबतीबा, पानी आना आधी! पोरीची जीभ टाळूला चिकटलीया. असंच ऱ्हायलं तर मी कायबी करू शकत न्हाई, सांगून ठेवते."

हैबतीने घरातले रांजण बघितले. कोरडे ठणठणीत. बाभळीचं बूड तेवढं ओलं होतं. तो आळीत धावला. कुणी दार लावून घेतलं, कुणी रिकामं मडकं उपडं करून दाखवलं. त्याचाच नियम आणि त्याच्याच गावाचा स्वभाव आज त्याच्या अंगाशी आला होता. तो हात हलवत परत आला तेव्हा दारात साळू उभी होती. कडेवर घागर.

हैबतीने दारात हात आडवा घातला.

"थांब. कशापायी आलीस?"

"पानी आणलंय, मामा."

"तुला कुणी सांगितलं?"

"राहीमावशी कवाधरनं वरडत्यात. समद्या आळीनं ऐकलं."

"समद्या आळीनं ऐकलं, मग तूच का आलीस?"

साळूने कडेवरची घागर सावरली. आतून तानीने हाक मारली, "आबा..." आणि पुढचा शब्द तिला फुटला नाही.

"आधी तू पी," हैबती म्हणाला. "माझ्या म्होरं पी."

साळूने घागरीत डोकावून बघितलं. "आधीच निम्मी हाय, मामा. मी पिऊन आणिक कमी कशाला करू?"

झालं. हैबतीची खात्रीच पटली. पाण्यात काही नसतं तर प्यायला काय जात होतं? त्याने घागर हिसकावली आणि अंगणात ओतायला तिरकी केली. राही सुईण दारात येऊन किंचाळली. पाणी घागरीच्या तोंडापर्यंत आलं. आणि त्याच वेळी हैबतीची नजर घागरीच्या पोटावर गेली. त्याचा अंगठा त्याच्याच गेरूच्या रेघेवर होता.

त्याने घागर सरळ केली, खाली टेकवली. कमरेची काडी काढून आत बुडवली आणि बाहेरच्या रेघेला लावून बघितली. सकाळी त्याने भरलं तेवढंच पाणी होतं. मातीतून झिरपलं असेल तेवढंच, केसभर, कमी. सकाळपासून, एवढ्या उन्हात, साळूने त्यातला घोटही घेतला नव्हता. त्याने पहिल्यांदाच तिच्या तोंडाकडे नीट बघितलं. ओठ उलले होते, त्यांवर रक्त सुकलं होतं.

हैबती मूर्ख नव्हता. विष कालवायला ओंजळभर पाणी पुरतं. मारायलाच आली असती तर बाकीचं पाणी पिऊन आली असती. तानीला कळा सुरू झाल्याचं सकाळी कानावर आलं आणि हिने घागर झाकून ठेवली. लागलंच तर असावं म्हणून. दुसरं काहीच नव्हतं. इतके दिवस ज्या गुपिताच्या मागे तो होता, ते एवढंच होतं. आणि ही रेघ अर्ध्यावर कुणी ओढली? त्यानेच. पूर्ण भरली असती तर आज तिलाही घोट मिळाला असता. हैबतीला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्याने घागर उचलून आत दिली. तानी प्यायली. राहीने तिच्या तोंडावर पाणी मारलं, धीर दिला. दिवस कलताना मुलगा झाला, आणि दोघंही वाचली. हैबती अंगणात बसून होता. साळू कधी निघून गेली, ते कुणाच्या लक्षातही आलं नाही. तिची रिकामी घागर चुलीपाशी तशीच पडली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाव टाक्यावर जमलं, तेव्हा हैबती घागर न घेता आला. हातात एक फडकं होतं. सगळ्यांसमोर वरच्या पायरीवर त्याने ते सोडलं. चांदीचे डोळे उन्हात चमकले. मग त्याने काहीही आड न ठेवता सांगितलं: शेंदराचा पोपडा, वळचण, खोटी ठरलेली शपथ आणि बाभळीत ओतलेलं पाणी.

सगळ्यांआधी साळू बोलली.

"मला वाटलं व्हतं, तुमास्नी खरंच तसं दिसलं असंल," ती म्हणाली. "माणसाची चूक व्हती, असंच मी धरून चालले व्हते. तुमी डोळं गावल्यावर बी गप बसला, मामा?"

या संशयी गावात हैबतीवर कधी संशय न घेतलेलं एकच माणूस होतं, आणि ते हे होतं.

पाटील उठला. "ज्या वाटंनं भिवाला लावला, त्याच वाटंनं ह्येला लावा." पंचांनी माना हलवल्या. हैबतीने घोंगडी खांद्यावर टाकलीही होती. त्यालाही तेच रास्त वाटत होतं. ओल्या बाळंतिणीला घरी सोडून आलेली राही सुईण दूर झाडाखाली डोळ्यांना पदर लावून उभी होती.

"नगा काढू," साळू म्हणाली. "एक गेला, त्यो बास हाय."

एवढं बोलून ती पायरीवर बसली आणि रडली. भिवा गेला तेव्हाही ती गावासमोर रडली नव्हती. हैबती तिच्या पाया पडायला वाकला, तर तिने पाय मागे घेतले.

यानंतर साळू गोड झाली, दोन्ही घरं एक झाली, असं कुणी सांगत असेल तर ते खरं मानू नका. असं सांगतात की साळू हैबतीशी पुन्हा जन्मात एक शब्द बोलली नाही. मात्र रोज सकाळी ओळीत ती त्याच्या मागे उभी राही, आणि त्याची घागर काठोकाठ भरे. हैबतीही तिची तशीच भरे. आणि स्वभावाला औषध नसतं. ही बोलत नाही पण भरते, म्हणजे हिला नेमकं हवंय काय, असा प्रश्न त्याला कित्येक दिवस पडायचाच म्हणे. पण घागर ओतून देणं त्याने सोडलं.

त्या दिवसानंतर टाक्यातलं पाणी एक पायरी वर चढलं, असा चमत्कार गावात सांगतात. बाळकूआजाला तो मान्य नाही. तो म्हणतो, हैबतीचं ऐकून एकेकाने कबूल केलं की आम्हीही वैऱ्याच्या हातचं पाणी ओतून देत होतो. निम्मं गाव चोरून ओतत होतं. ते ओतणं थांबलं, तर पाणी उरणारच. तरी पायरी वर चढली ती चढलीच, असं बाकीचे म्हणतात. ज्याने त्याने काय ते धरावं.

देवाला डोळे पुन्हा बसवले. हैबतीने मात्र भिवाला शोधण्यात उरलेलं आयुष्य घालवलं. जत्रा, बाजार, गुरांचे तळ, सगळीकडे तो गेला. दिसेल त्या परक्या माणसाला विचारायचा, कुठला तू, बाप कुठला, खैरमाळचा भिवा कधी भेटला का? भिवा भेटला नाही. दूर घाटाखाली त्याने पुन्हा घर केलं, पोरंबाळं झाली, असं कुणी सांगे. वाटेतच गेला, असंही कुणी सांगे. हैबती थकला तेव्हा त्याने एक नवी घागर आणली, तिच्या पोटावर मधोमध गेरूची रेघ ओढली, आणि रेघेच्या वर, काठापर्यंत भरून ती पायरीवर ठेवली. ही भिवाची. मग राखण आली तानीच्या मुलाकडे, त्याच दिवशी जन्मलेल्या. त्याच्या वंशाचं आडनाव पडलं राखणे.

आजही खैरमाळात घागर असो की प्लास्टिकचा डबा, आपलं भांडं कुणी आपल्या हाताने भरत नाही, आणि दुसऱ्याचं भरताना रेघेशी थांबत नाही. आजही त्या राखणे घराण्यातला बाळकूआजा उंबराखाली बसून प्रत्येक परक्याला त्याच्या आज्या-पणज्याचं गाव विचारतो. लोकांना वाटतं, म्हातारा संशयी आहे. शहरातल्या बहुतेकांना पणज्याचं गाव सांगता येत नाही. "काय माहीत, आजोबा. कुठूनतरी आले असतील," असं ते म्हणतात. हे ऐकलं की आजा उठतो. पायरीवरची घागर दोन्ही हातांनी उचलतो आणि वाकून पाहुण्याच्या ओंजळीत धार धरतो. पोटभर पिऊन होईपर्यंत तो पाठ सरळ करत नाही. शेवटी हात जोडून म्हणतो, "चुकलं आमचं. पदरात घ्या."

पाहुण्याला वाटतं, मघाच्या उलटतपासणीबद्दल म्हातारा बोलतोय. तो तोंड पुसतो, हसतो, "असू द्या हो आजोबा, चालायचंच," म्हणतो आणि देवळाकडे निघून जातो. गोष्ट ऐकायला सगळे थांबत नाहीत. आजा त्याच्या पाठीकडे तो दिसेनासा होईपर्यंत बघत राहतो, आणि मग घागर पुढे सरकवून पुढच्या माणसाला म्हणतो, "भर बाबा. काठापातूर भर."